हवालदार मिन्चेवचं मरण

वेलिच्को तबाकोव नखांनी कागद खरवडत होता. खळ दाराच्या लाकडात मुरली होती आणि कागद सोलून यायच्या ऐवजी नुसता फाटत होता. आधी काळी चौकट निघाली, मग नावाची अर्धी ओळ, मग कपाळ. डोळे काही निघेनात. रादोयचे डोळे होते ते, मालिकेच्या गेल्या पर्वाच्या जाहिरातीसाठी काढलेल्या फोटोतले, मिश्किल. वेलिच्कोनं त्यांवर तळहात ठेवला.

पायरीवर शेवंतीची फुलं होती. त्यानं मोजली. आठ. सम संख्या, म्हणजे मयताचीच. जिवंत माणसाला आमच्याकडे कुणी आठ फुलं देत नाही.

"देव त्यांना क्षमा करो, इन्स्पेक्टरसाहेब," मागून एक बाई म्हणाली. हातात पावाची पिशवी, डोक्याला रुमाल. "कशानं गेले हो हवालदार?"

"गेला नाहीये, बाई. ठणठणीत आहे. हे मालिकेसाठी आहे, उद्याच्या शूटिंगचं. हे दारसुद्धा मालिकेतल्या चौकीचंच."

बाईनं कीव आल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं.

"आमचे मालक गेले तेव्हा मीही तीन दिवस असंच म्हणत होते," ती म्हणाली आणि त्याच्या दंडावर थोपटून निघून गेली.

आमच्या रुसे गावात, म्हणजे सगळ्या बल्गेरियातच, माणूस गेला की लोक आधी कागद छापतात आणि मग रडायला बसतात. फोटो, नाव, वय, दोन ओळी, काळी चौकट. तो कागद घराच्या दारावर लागतो, रस्त्यावरच्या खांबांवर लागतो, बसथांब्यावर लागतो. बस यायला उशीर झाला की माणूस तेच वाचत उभा राहतो. आज कोण, काल कोण. त्यामुळे सकाळी आठ वाजता डॅन्यूबवरून आलेल्या धुक्यात ज्यानं ज्यानं तो कागद पाहिला, त्यानं टोपी काढली आणि घरी फोन केला. दुसरं काय करणार?

रालित्सा पाण्याची बादली घेऊन धापा टाकत आली. मालिकेचा कला विभाग म्हणजे ही एकटी आणि तिचे दोन सुतार.

"शूटिंग उद्या आणि तू काल संध्याकाळीच चिकटवलेस?" वेलिच्को म्हणाला. "कुणाला विचारून?"

"कुणाला म्हणजे? तुम्हालाच! 'नवा कागद कॅमेऱ्यात चमकतो, दोन रात्री धुकं खाऊ दे त्याला', असं कोण म्हणालं होतं? माझी आजी?"

तो म्हणाला होता. हे त्याचं नेहमीचंच. पोलीस चौकीतल्या पेल्यांना पाण्याचे पांढरे डाग हवेत, हवालदाराच्या बुटाची टाच एका बाजूनं झिजलेली हवी. याच हट्टापायी लोकांनी मालिका डोक्यावर घेतली होती.

"किती लावलेस?"

"तीस. पण खाली नाव मिन्चेवचं आहे, चांगलं मोठ्या अक्षरात!"

"नाव कोण वाचतं गं? लोक तोंड बघतात. आणि वाचलं तरी काय? या गावात त्याला रादोय म्हणणारी चार माणसं उरलीत. बाकी सगळ्यांना तो मिन्चेवच."

रालित्सानं बादली खाली ठेवली. तिच्या मनात काहीतरी आलं असावं.

"रादोयदादांना तुम्ही हे सांगितलंय ना?"

वेलिच्को नखात अडकलेला कागद काढत राहिला.

"अगं बाई," रालित्सा म्हणाली. "सांगितलंच नाहीये."

त्यानं रादोयच्या बायकोला, पेनावहिनींना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सगळं गाव त्यांनाच फोन करत असणार. त्यानं कोटाची कॉलर वर केली आणि चालायला लागला.

'तिसरी चौकी' सुरू झाली त्याला आता सोळा वर्षं झाली, चौदा पर्वं. वेलिच्को तिचा निर्माता आणि तिच्यातला इन्स्पेक्टर गेरोवही तोच. खरे पोलीस त्याला रस्त्यात सलाम ठोकतात. मागे एकदा बंदरावर दोन दारुडे हाणामारी करत होते, ते याला बघून आपणहून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इतकी सवय झाली होती लोकांना त्याची, आणि खरं सांगायचं तर त्यालाही स्वतःची.

पण हे सगळं उभं राहिलं ते रादोय शिश्कोवच्या खांद्यावर. चोविसाव्या वर्षी वेलिच्को राझग्रादजवळच्या खेड्यातून इथल्या नाटकमंडळीत आला, तेव्हा रंगमंचावर हात कुठे ठेवायचे हेसुद्धा त्याला कळत नव्हतं. रादोय त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा, तेव्हाचा नायक. त्यानं या पोराला आपल्या घरात जागा दिली, बोलायला शिकवलं, ऐकायला शिकवलं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे दुसरा बोलत असताना गप्प उभं राहायला शिकवलं. पुढे वेलिच्कोनं मालिका काढली. नायक स्वतः झाला आणि रादोयला हवालदार केलं. रादोय कधी काही बोलला नाही. उलट हवालदार असा रंगवला की बायका त्याच्यासाठी मोजे विणून पाठवायला लागल्या.

गेल्या दोन वर्षांत रादोयचं पाठांतर गेलं. शब्द ऐन वेळी हातावर तुरी द्यायचे. मग वेलिच्कोनं एक युक्ती काढली. रादोयची वाक्यं जाड अक्षरात लिहून तो चिठ्ठ्या स्वतःच्या छातीवर चिकटवायचा, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि रादोय त्याच्या छातीवरून वाचायचा. दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. मग उन्हाळ्यात राजधानीतल्या, सोफियाच्या एका पेपरात कुणीतरी लिहिलं की हवालदाराची ती खाली झुकलेली नजर म्हणजे अभिनयाचा वस्तुपाठ आहे, आणि इन्स्पेक्टर गेरोव मात्र हल्ली फळ्यासारखा उभा असतो.

फळ्यासारखा! वेलिच्कोला ते इतकं झोंबलं की त्याच दुपारी त्यानं चालू पर्वाच्या आठव्या भागात हवालदार मिन्चेवला मारून टाकलं. बंदरात उभ्या असलेल्या एका बोटीवर हवालदार एकटा तपासाला जातो आणि तिथे त्याला कुणीतरी भोसकतं. चॅनलनं काही म्हटलं नव्हतं, कुणीच काही म्हटलं नव्हतं. नंतर त्यानं मनाची समजूत घातली: रादोय थकलाय, त्याला अकरा अकरा टेक झेपत नाहीत, हे त्याच्याच भल्याचं आहे. समजूत बऱ्यापैकी बसलीही होती. फक्त ते रादोयला सांगायचं राहिलं होतं. गेल्या तीन आठवड्यांत तीनदा तो सांगायला म्हणून गेला आणि तिन्ही वेळा पेनावहिनींच्या हातच्या भरल्या मिरच्या खाऊन, हात पुसून परत आला.

रादोयच्या घराचं दार सताड उघडं होतं. जिन्यात ओल्या छत्र्या. आतून गलका ऐकू येत होता आणि त्यात सगळ्यात वर रादोयचाच आवाज.

"ये, ये, वेल्चो! उशीर केलास. एव्हाना पुरून आले असते मला!"

तो स्वयंपाकघरात टेबलाच्या शेवटी बसला होता, अंगात बंडी, दाढी अर्धी केलेली. भोवती सात-आठ शेजारी. टेबलावर चीज भरलेल्या तीन बानित्सा, अजून वाफाळत असलेल्या, आणि वर पिठीसाखर पेरलेल्या उकडलेल्या गव्हांचा एक वाडगा. ज्या म्हाताऱ्या बाईनं ते मयताचे गहू आणले होते ती कोपऱ्यात लाजून बसली होती.

"लाजतेस काय? खा," रादोय तिला म्हणत होता. "माझ्या नावानं शिजवलेस, मीही दोन चमचे खाल्ले. छान झालेत. साखर जरा कमी." मग वेलिच्कोकडे वळून, "आणि हा बघ, तिसऱ्या मजल्यावरचा कद्रू! वीस वर्षांत यानं मला साधी काडेपेटी दिली नाही. आज राकियाची अख्खी बाटली घेऊन रडत आला. मी दार उघडलं तर बाटली पाठीमागे लपवायला लागला!"

सगळे हसले. कद्रूही हसला. पेनावहिनी मात्र ओट्याकडे तोंड करून कप विसळत होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही.

अर्ध्या तासानं शेजारी एकेक करून उठले. जाताना प्रत्येकानं रादोयला हात लावून बघितला. खोली शांत झाली तसा रादोयचा चेहराही उतरला. त्यानं टेबलावरचा साखरेचा चुरा बोटानं एका जागी गोळा केला.

"आठवा भाग, ना?" तो म्हणाला.

"दादा, मी सांगणारच होतो."

"ते राहू दे. ठरवलं कुणी?"

तीन आठवडे वेलिच्कोनं या प्रश्नाचं उत्तर जुळवलं होतं. वाटेत येतानाही जुळवत होता. त्यात चूक मान्य होती, थकवा होता, पेपरातलं ते वाक्यसुद्धा होतं. रादोय त्याच्याकडे बघत होता.

"चॅनलनं," वेलिच्को म्हणाला. "वरून आलंय. माझ्या हातात काही नाही."

ओट्यापाशी कप वाजायचे थांबले.

"मग तू तरी काय करणार?" रादोयनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "वरच्यांपुढे कुणाचं चालतंय? अरे, तोंड काय पाडतोस असं? मरतोय मी का तू? दाखव बघू. आणलायस ना?"

वेलिच्कोनं कोटाच्या आतल्या खिशातून पानं काढून दिली. रादोयनं चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागला. दवाखाना. खाट. खाटेशी इन्स्पेक्टर. पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं.

"यात मी बोलतच नाही."

"मुद्दामच तसं केलंय, दादा. तुला त्रास नको. तू नुसतं पडून राहायचं, बोलायचं ते मी बोलेन."

"चौदा पर्वं बोललो आणि मरताना मुका?"

"तसं नाही रे. शब्द आठवायची कटकट नको म्हणून..."

"शब्द आठवत नाहीत मला," रादोय म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "काय म्हणायचंय ते आठवतं."

वेलिच्कोला त्याच्याकडे बघवेना. भीक मागायला आलेल्या माणसाला आपण दारातून हाकललं असं त्याला वाटलं. आणि तो माणूस कोण, तर रादोय.

"बरं," तो म्हणाला. "तुला सुचेल ते बोल. एक वाक्य."

"एक पुरे," रादोय म्हणाला आणि पानांची घडी करून बंडीच्या खिशात ठेवून दिली.

पेनावहिनी जिन्यापर्यंत सोडायला आल्या. दार त्यांनी मागे ओढून घेतलं.

"चॅनल, होय रे?"

"वहिनी..."

"तू यायच्या जरा आधीच मी त्या रालित्साला फोन केला. पोरीला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, वेलिच्कोंनी स्वतःच लिहून दिलंय, चॅनलला अजून पत्ताही नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर वेलिच्कोला बरं वाटलं असतं. "तीन वेळा जेवून गेलास. तीन वेळा म्हटलं, याला काहीतरी सांगायचंय, घासाबरोबर गिळतोय. घरातला म्हणून मी विचारलं नाही."

"मी सांगतो त्याला. आत्ताच जाऊन सांगतो."

"आत्ता नको. आत्ता त्याची अर्धी दाढी राहिलीये." त्यांनी एप्रन उगाचच सारखा केला. "परवा मरायचा आहे ना तो तुझ्याकडे? त्याच्या आधी सांग. मी नाही सांगणार. तुझं तोंड तुझ्याकडे आहे."

"सांगतो, वहिनी."

"बघू," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेचं शूटिंग झालं. मालिकेत हे असंच चालतं, आधी पुरतात, मग मारतात. रस्ता ज्या दिवशी मिळतो त्या दिवशी रस्त्यावरचं उरकायचं. रालित्सानं कागद पुन्हा लावले होते, आणि वेलिच्को काळा कोट घालून त्यांच्यापुढून सहा वेळा चालत गेला. जेवणाच्या सुट्टीत त्यानं रादोयला फोन लावला. रादोय म्हणाला, "सर्दी नको होऊ देऊस. उद्या नाक गळत माझ्यापाशी बसशील." वेलिच्को हसला, उद्या भेटू म्हणाला आणि फोन ठेवला. संध्याकाळी गाडी त्याच्या घरावरून नेली. दिवा होता. गाडी थांबवली नाही. उद्या शूटिंगच्या आधी, रंगपटात, दोघंच असताना सांगू, असं त्यानं ठरवलं. सकाळी रंगपटात रंगभूषेची मुलगी होती, मग दिव्यांची माणसं आली, मग वेळ झाली.

जुन्या दवाखान्यातला एक रिकामा वॉर्ड त्यांनी घेतला होता. भिंतींच्या रंगाचे पोपडे निघालेले; त्यात रालित्साला काही करावं लागलं नाही. रादोय खाटेवर पडला. रंगानं त्याला पिवळा केलं होतं, पण फार काही करावं लागलं नव्हतं. वेलिच्को शेजारच्या खुर्चीवर बसला. या भागाचं दिग्दर्शनही त्याच्याकडेच होतं. त्यानं मान हलवली आणि कॅमेरा सुरू झाला.

इन्स्पेक्टर गेरोव तीन वाक्यं बोलला. बोटीवरची माणसं सापडली. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही. वसंतात आपण मासे धरायला जाऊ.

रादोयनं डोळे उघडले.

"वेल्चो," तो म्हणाला. "वरून हुकूम आला नव्हता. तूच ठरवलंस. होय ना?"

नाव चुकलं होतं, टेक गेला होता. निर्माता म्हणून, दिग्दर्शक म्हणून, 'कट' म्हणायचं काम वेलिच्कोचं होतं, आणि एवढा एक शब्द म्हटला की सुटका होती. वहिनींनी सांगितलं असेल का? नाही, त्या शब्दाच्या पक्क्या. मग म्हाताऱ्यानं स्वयंपाकघरातच ओळखलं होतं की काय, मनगटावर हात ठेवताना?

"हो," तो म्हणाला.

शेवटी कॅमेरामननंच 'कट' म्हटलं. रालित्सा बाहीनं डोळे पुसत होती.

"नाव चुकलं दादांचं," कॅमेरामन म्हणाला, "पण काय वाक्य काढलंय हो! हवालदाराला बोटीवर एकटं पाठवलं ते गेरोवनंच, हे आपल्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. सगळं पर्वच फिरलं की याच्यावर! पुन्हा घेऊ या ना, साहेब?"

पुन्हा घेतला. मासे, वसंत. रादोयनं डोळे उघडले.

"साहेब, वरून हुकूम आला नव्हता. तुम्हीच ठरवलंत. होय ना?"

"हो," वेलिच्को म्हणाला.

तिसऱ्यांदा कॅमेरा खिडकीच्या बाजूनं लावला. चौथ्यांदा अगदी जवळ. साध्या 'शुभ रात्री'साठी ज्या माणसाला चिठ्ठी लागायची, त्याचा या तीन टेकमध्ये एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. आवाजात राग नव्हता. प्रत्येक वेळी तो खरोखरच विचारत होता आणि उत्तराची वाट बघत होता. आणि प्रत्येक वेळी वेलिच्को 'हो' म्हणत होता, खर्जात, डोळे किंचित मिटून, सोळा वर्षं इन्स्पेक्टर गेरोव म्हणत आला होता तसं.

"झालं!" कॅमेरामननं हात वर केला. "सोनं आहे, दादा. उठा आता, पाठ आखडली असेल."

रादोय उठला नाही. त्यानं मान वळवून कॅमेरामनकडे पाहिलं. नाटकमंडळीत तालमीला बसायचा तेव्हाचा त्याचा चेहरा वेलिच्कोला ओळखू आला.

"माझं झालं," रादोय म्हणाला. "याचं नाही झालं. हा 'हो' म्हणतो ते ऐकू येतं मला. खरं वाटत नाही."

"अहो, पण उत्तम आलंय..."

"पुन्हा घ्या."

दिवे पुन्हा लागले. रालित्सानं चादर नीट केली. वेलिच्कोनं खुर्ची खाटेच्या जवळ ओढली. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"घाई नाही, पोरा," रादोय हळूच म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. "अख्खा दिवस पडलाय."